/टीएमपी दुसऱ्या डिस्कवर हलवायचे आहे (डेबियन १३, सॉर्ट अर्ध्यात पडतो)

पोतडी (धागाकर्ता)

मशीन: डेबियन १२ वरून १३ वर नेलेला सर्व्हर. रॅम ४ जीबी, स्वॅप १ जीबी. रूट विभाजन ४० जीबी, त्यात १५ जीबी मोकळे. दुसरी डिस्क २०० जीबी, ईएक्सटी४, /डेटा वर माउंट.

काम: रात्री क्रॉनमधून ७ जीबीची सीएसव्ही फाइल सॉर्ट होते. १२ वर हे चालायचे. १३ वर "राइट फेल्ड, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" म्हणून पडते. डीएफ -एच बघितले तर /टीएमपी (तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी) समोर टीएमपीएफएस (रॅममधली फाइलसिस्टम), आकार १.९ जीबी.

ठरवलेले उपाय:

आरएम -आरएफ /टीएमपी
एलएन -एस /डेटा/टीएमपी /टीएमपी

यात काही चुकते आहे का? चालू मशीनवर केले तर चालेल का?

(आज्ञा आणि वाटा, म्हणजे पाथ, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये, लहान-मोठी अक्षरे सांभाळून.)

---

शून्यवाट

एंटर दाबू नका!

पहिली आज्ञा आतले सगळे पुसेल आणि शेवटी "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" म्हणून थांबेल, कारण /टीएमपी हा आता माउंट पॉइंट आहे आणि माउंट पॉइंट आरएमने उडत नाही. म्हणजे टीमक्सची सॉकेटे, एसएसएच एजंटची सॉकेटे, सेवांच्या सिस्टमडी-प्रायव्हेट नावाच्या डिरेक्टऱ्या हे सगळे गेले, आणि सिमलिंक करायला जागा झालीच नाही. दुसरी आज्ञा मग /टीएमपीच्या पोटातच टीएमपी नावाची लिंक टाकून मोकळी होईल.

कारण सांगायचे तर, डेबियन १३ पासून /टीएमपी मुळातच रॅममध्ये असते. सिस्टमडीचे (बूट आणि सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) टीएमपी.माउंट हे युनिट ते करते आणि कमाल आकार रॅमच्या निम्मा ठेवते. ४ जीबीला १.९ हा आकडा त्यातून आला. फेडोराने हे आवृत्ती १८ पासूनच केले होते, डेबियन उशिरा आले एवढेच.

जुने वागणे परत हवे असेल तर एक ओळ पुरते:

सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट

रीबूट करा, /टीएमपी परत रूट डिस्कवर. तुमच्याकडे १५ जीबी मोकळे आहेत, ७ जीबीच्या सॉर्टला पुरतील.

---

चिकटबिट

मास्क ठीक आहे, पण अख्खे /टीएमपी हलवण्याआधी त्यात लिहितो कोण ते बघा. इथे लिहिणारा एकच आहे, सॉर्ट. त्याला स्वतःचा पर्याय आहे:

सॉर्ट -टी /डेटा/सॉर्टटेंप -एस १जी इनपुट.सीएसव्ही -ओ आउटपुट.सीएसव्ही

यातला टी मोठा, रोमन कॅपिटल. लहान टी म्हणजे स्तंभाचा विभाजक, आणि तिथे डिरेक्टरीचे नाव दिले की विभाजक एका अक्षराचा हवा अशी तक्रार येते. -एस (हाही मोठा) म्हणजे सॉर्टने रॅममध्ये किती बफर घ्यायचा ते. ४ जीबीच्या मशीनवर १ जीबी ठीक.

तात्पुरत्या फाइली साधारण मूळ फाइलीएवढी जागा खातात. सॉर्ट एका वेळी १६ तुकडे एकत्र करतो. तुकडे त्याहून जास्त झाले की मधली विलीनीकरणे होतात आणि तेवढ्यापुरती जागा थोडी वाढते. ७ जीबीला १० जीबी धरून चाला. जागेची ओढ असेल तर --कॉम्प्रेस-प्रोग्रॅम=जीझिप द्या, सीएसव्हीसारखा मजकूर चांगला दबतो. वेळ मात्र वाढतो.

गंमत बघा: सॉर्ट डिस्कवर तुकडे टाकतो तो रॅम पुरत नाही म्हणून. /टीएमपी रॅममध्ये असेल तर तो तुकडे परत रॅममध्येच टाकतो. टीएमपीएफएसचा आकार वाढवून हा प्रश्न सुटत नाही, फक्त "जागा नाही" ऐवजी ओओएम किलर (रॅम संपली की प्रक्रिया मारणारा कर्नलचा भाग) येतो.

---

पोतडी

सॉर्ट -टी ने चालला, धन्यवाद. पण याच मशीनवर मारियाडीबी आहे, मोठ्या टेबलवर आल्टर चालवले की तेही /टीएमपीत लिहिते. पीएचपीतून १ जीबीच्या फाइली अपलोड होतात. प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा सगळेच /डेटा वर नेलेले बरे वाटते. सिमलिंक का नको ते मात्र कळले नाही. माउंट काढून केली तर?

---

शून्यवाट

माउंट काढून केलीत तर ती चालेल. टीएमपी.माउंटमध्येच अट आहे की /टीएमपी सिमलिंक असेल तर माउंट करू नये. म्हणून पहिले काही दिवस सगळे छान वाटते. अडचणी अशा:

पहिली, बूटच्या वेळी /डेटा माउंट व्हायच्या आधी ती लिंक लोंबकळत असते. आणि कधी डिस्कच आली नाही तर मशीनवर /टीएमपी नावाची वस्तूच उरत नाही. बाइंड माउंटमध्ये (एक डिरेक्टरी दुसऱ्या वाटेवरही दाखवणारा माउंट) खाली रूटवरची खरी डिरेक्टरी असते. माउंट झाले नाही तर निदान ती दिसते.

दुसरी, अ‍ॅपआर्मर. कोणत्या प्रोग्रॅमने कोणत्या फाइलीला हात लावायचा हे ते ठरवते. त्याचे नियम वाटेवर चालतात आणि सिमलिंक सुटल्यावर जी वाट उरते ती तपासली जाते. नियमात /टीएमपी लिहिलेले, प्रत्यक्षात विचारणा /डेटा/टीएमपी ची. नकार. बाइंड माउंटमध्ये कर्नलच्या दृष्टीने वाट /टीएमपीच राहते, नियम जसेच्या तसे लागू.

तिसरी, काही प्रोग्रॅम सुरक्षेसाठी /टीएमपी खरी डिरेक्टरी आहे का ते लिंक न सोडवता तपासतात आणि नसेल तर चालायला नकार देतात.

---

चिकटबिट

बाइंडची कृती लिहितो. आधी जागा तयार करा:

एमकेडीआयआर /डेटा/टीएमपी
सीएचओन रूट:रूट /डेटा/टीएमपी
सीएचमॉड १७७७ /डेटा/टीएमपी

मग /ईटीसी/एफएसटॅब मध्ये /डेटा च्या ओळीखाली ही ओळ:

/डेटा/टीएमपी  /टीएमपी  नन  बाइंड,नोसूइड,नोडेव्ह  ०  ०

मग:

सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड
फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
रीबूट

सिस्टमडी बाइंडची मूळ वाट बघून /डेटा आधी माउंट करायचे हे स्वतः ओळखतो. सिसव्ही इनिटच्या मशीनवर मात्र ओळींचा क्रम महत्त्वाचा, म्हणून सवय म्हणून खालीच लिहा.

१७७७ मधल्या पहिल्या १ ला विसरू नका. तो चिकट बिट, ज्याच्यामुळे डिरेक्टरी सगळ्यांना लिहिती असूनही एकाची फाइल दुसऱ्याला पुसता येत नाही. नुसते ७७७ दिले तर आणखी एक नुकसान होते जे चटकन लक्षात येत नाही: कर्नलचे प्रोटेक्टेड_सिमलिंक्स हे संरक्षण सगळ्यांना लिहित्या आणि चिकट अशा डिरेक्टरीतच लागू होते. बिट नसला की ते संरक्षण गप्प बसते. /टीएमपीतल्या सिमलिंकवरून होणारे जुने हल्ले मग परत शक्य.

चालू मशीनवर नुसते माउंट करून बघायचा मोह आवरा. जुन्या /टीएमपीतली सॉकेटे नव्या माउंटच्या खाली झाकली जातात. चालू असलेला टीमक्स जिवंत असतो, पण अटॅच करायला गेले की त्याचे सॉकेट सापडत नाही. एक्स चालू असेल तर /टीएमपी/.एक्स११-युनिक्स झाकले जाते आणि नवी खिडकी उघडणे अवघड होते. शिवाय आधीपासून चालू असलेल्या सेवा जुन्या फाइली धरून बसतात. रीबूट हाच सरळ रस्ता.

---

दुहेरीकोट

नोएक्झेक पण लावा की. /टीएमपीतून कोणी काही चालवू नये, हाच तर सुरक्षेचा पहिला धडा.

---

चिकटबिट

लावता येते, पण काय मोडेल ते माहीत असू द्या. जावाच्या अनेक लायब्रऱ्या आपली .एसओ फाइल /टीएमपीत काढून लोड करतात. त्या "फेल्ड टू मॅप सेगमेंट" म्हणून पडतात. पायइन्स्टॉलरने एका फाइलीत बांधलेले प्रोग्रॅम स्वतःला /टीएमपीत उलगडून तिथूनच चालतात, ते बंद. एपीटी पॅकेज लावताना डेबकॉन्फचे स्क्रिप्ट /टीएमपीत काढून चालवते, तिथे "पर्मिशन डिनाइड" येते. त्यासाठी एपीटीच्या कॉन्फिगमध्ये एपीटी::एक्स्ट्रॅक्टटेंप्लेट्स::टेंपडीआयआर ला वेगळी जागा द्यावी लागते.

आणि मिळते काय? "श /टीएमपी/वाईट.एसएच" तरीही चालते, कारण तिथे चालतो तो शेल, फाइल नुसती वाचली जाते. नोसूइड आणि नोडेव्ह फुकटात मिळतात, ते जरूर लावा. नोएक्झेक ऑडिटवाल्यांनी मागितले तरच, असे माझे मत.

---

दुहेरीकोट

मान्य. पण बाइंडऐवजी /टीएमपीला स्वतःचे विभाजन दिलेले बरे नाही का? /डेटा भरली तर /टीएमपी भरते आणि उलटही. कोणी युजरने /टीएमपीत १८० जीबी ओतले तर डेटाबेसची जागा गेली.

---

शून्यवाट

हो, एलव्हीएम (डिस्कची लवचीक विभाजने करणारी व्यवस्था) असेल तर तेच उत्तम. २० जीबीचा लॉजिकल व्हॉल्यूम काढा, एमकेएफएस.ईएक्सटी४ करा, एफएसटॅबमध्ये यूयूआयडीने ओळ घाला. फक्त या रस्त्यावर एक खड्डा ठरलेला आहे.

लोक आधी सीएचमॉड १७७७ /टीएमपी करतात आणि मग माउंट करतात. परवानगी खालच्या डिरेक्टरीला लागते. नव्या फाइलसिस्टमचे मूळ ७५५, मालक रूट, तसेच राहते. माउंट झाल्यावर रूटशिवाय कोणालाच लिहिता येत नाही. लक्षणे इतकी विविध असतात की मूळ कारण कोणाला सुचत नाही: डेटाबेस "एररकोड १३" देतो, एपीटी तात्पुरती फाइल करता आली नाही म्हणतो, डेस्कटॉपवर लॉगिन होऊन परत लॉगिनचाच पडदा येतो, बॅशमध्ये हिअर-डॉक्युमेंटची तक्रार येते. म्हणून क्रम असा: माउंट, मग सीएचमॉड १७७७, मग

स्टॅट -सी '%ए %यू' /टीएमपी

याचे उत्तर "१७७७ रूट" यायला हवे. यातला ए लहान आणि यू मोठा. परवानगी त्या फाइलसिस्टमच्या मुळाशी लिहिली जाते, म्हणून एकदाच करावी लागते.

आत लॉस्ट+फाउंड दिसेल. असू द्या.

---

पोतडी

रिपोर्ट: वरच्या दोन्ही सूचना केल्या. आधी टीएमपी.माउंट मास्क केले, मग बाइंडची ओळ घातली. फाइंडएमएनटी --व्हेरिफाय ला काही खटकले नाही. माउंट -ए हाताने चालवले, व्यवस्थित माउंट झाले. रीबूट केले आणि /टीएमपी रूट डिस्कवर! माउंट -ए पुन्हा दिले की बरोबर. पुन्हा रीबूट, पुन्हा रूटवर. एफएसटॅबची ओळ बूटला वाचलीच जात नाही असे दिसते.

---

शून्यवाट

चूक माझी, मास्क आणि एफएसटॅब हे "किंवा" आहे, "आणि" नाही, हे तिथेच लिहायला हवे होते.

घडते ते असे. बूटच्या वेळी सिस्टमडीचा जनरेटर एफएसटॅब वाचतो आणि प्रत्येक ओळीचे एक माउंट युनिट /रन/सिस्टमडी/जनरेटर मध्ये तयार करतो. /टीएमपीच्या ओळीपासून बनणाऱ्या युनिटचे नाव? टीएमपी.माउंट. तुम्ही मास्क केलेले तेच नाव. मास्क म्हणजे /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/टीएमपी.माउंट ही /डेव्ह/नल कडे जाणारी लिंक, आणि /ईटीसीचा मान जनरेटरपेक्षा वरचा. त्यामुळे तुमची एफएसटॅबची ओळसुद्धा मास्क झाली. माउंट -ए सिस्टमडीला न विचारता थेट कर्नलकडे जाते, म्हणून हाताने चालते.

सिस्टमसीटीएल अनमास्क टीएमपी.माउंट
सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड
सिस्टमसीटीएल कॅट टीएमपी.माउंट

शेवटच्या आज्ञेत पहिल्या ओळीत फाइलीची वाट दिसेल. ती /रन/सिस्टमडी/जनरेटर ची असेल तर तुमची ओळ जिंकली. /युएसआर/लिब ची असेल तर एफएसटॅबमध्ये काहीतरी चुकले आहे आणि बूटला टीएमपीएफएस येईल. एफएसटॅबमध्ये ओळ असली की मास्कची गरजच नसते, कारण जनरेटरचा मान /युएसआर/लिब पेक्षा वर आहे.

---

मुळाक्षर

यात एक भर. दूरच्या व्हीपीएसवर करत असाल आणि कन्सोल हाताशी नसेल, तर लोक घाबरून नोफेल लावतात. /टीएमपीसाठी ते दुधारी आहे. नोफेल नसेल आणि डिस्क आली नाही तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते, एसएसएचही मिळत नाही. नोफेल असेल तर बूट पुढे सरकते, पण सिस्टमडी त्या माउंटसाठी थांबायचे बंधनही सोडतो. मग एखादी सेवा जुन्या /टीएमपीत सॉकेट उघडते, पाठोपाठ माउंट येऊन ते झाकते, आणि दहापैकी एका रीबूटला काहीतरी विचित्र होते. मी म्हणेन की नोफेल नको, आणि पहिला रीबूट कन्सोल उघडून मगच.

---

पोतडी

अनमास्क केले, रीबूट केले. फाइंडएमएनटी /टीएमपी मध्ये आता उगम म्हणून दुसरी डिस्क आणि चौकटी कंसात /टीएमपी दिसते. पर्यायांत नोसूइड, नोडेव्ह आहेत. स्टॅट १७७७ सांगतो.

आता दोन प्रश्न. मधल्या रीबूटांमध्ये रूटवरच्या /टीएमपीत जे पडले ते कुठे बघायचे? आणि आता हे डिस्कवर असल्यामुळे रीबूटला आपोआप रिकामे होणार नाही ना?

---

चिकटबिट

पहिल्याचे उत्तर: रूट दुसरीकडे बाइंड करा. साध्या बाइंडमध्ये पोटमाउंट येत नाहीत, त्यामुळे झाकलेले दिसते.

माउंट --बाइंड / /एमएनटी
एलएस -एलए /एमएनटी/टीएमपी
डीयू -एसएच /एमएनटी/टीएमपी

नको ते काढा, तिथलीही परवानगी १७७७ आहे ना बघा, यूमाउंट /एमएनटी. डेबियन १२ वरून आलेल्या अनेक मशीनवर इथे जुना पसारा गुपचूप पडून असतो आणि "रूटवर डीयू आणि डीएफ जुळत नाही" म्हणून लोक डोके धरतात.

दुसऱ्याचे: साफसफाई सिस्टमडी-टीएमपीफाइल्स करते. नियमांची मूळ फाइल /युएसआर/लिब/टीएमपीफाइल्स.डी/टीएमपी.कॉन्फ. मूळ नियम /टीएमपीसाठी १० दिवस आणि /व्हार/टीएमपीसाठी ३० दिवस. /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी मध्ये त्याच नावाची फाइल असेल तर मूळ फाइल पूर्ण दुर्लक्षिली जाते, म्हणून आधी तिथे काही आहे का बघा. बूटला रिकामे आणि शिवाय १० दिवसांची मर्यादा हवी असेल तर:

डी /टीएमपी १७७७ रूट रूट १०डी
क्यू /व्हार/टीएमपी १७७७ रूट रूट ३०डी

पहिल्या ओळीतला सुरुवातीचा डी मोठा. मोठा डी म्हणजे बूटला रिकामे कर, लहान डी म्हणजे नुसती डिरेक्टरी असू दे. दुसऱ्या ओळीतला क्यू लहान. वयाची साफसफाई टायमरवर चालते: बूटनंतर १५ मिनिटांनी, नंतर दिवसातून एकदा. वय ठरवताना वाचल्याची, बदलल्याची आणि इनोड बदलल्याची अशा तिन्ही वेळा बघितल्या जातात. तिन्ही जुन्या असल्या तरच फाइल जाते. त्यामुळे टारमधून काढलेली पाच वर्षांपूर्वीच्या तारखेची फाइल लगेच उडत नाही.

पंधरा दिवस चालणारे काम /टीएमपीत ठेवायचेच असेल तर एक्स /टीएमपी/कामाचेनाव अशी ओळ घाला (एक्स लहान). किंवा ते काम त्या डिरेक्टरीवर एफलॉक धरून चालवा. लॉक असलेल्या डिरेक्टरीला साफसफाई हात लावत नाही. खरे तर असे काम /व्हार/टीएमपीत असावे. रीबूटनंतरही टिकायला हवे ते तिथे, हा फरक फाइलसिस्टमच्या मानकातच लिहिलेला आहे.

---

दुहेरीकोट

म्हणजे /व्हार/टीएमपीची /टीएमपीकडे लिंक करू नये?

---

चिकटबिट

नाही. ड्रॅकट, पॉडमॅन वगैरे मोठ्या फाइली मुद्दाम /व्हार/टीएमपीत टाकतात, कारण /टीएमपी रॅममध्ये असू शकते हे त्यांनी धरलेले आहे. पॉडमॅनने प्रतिमा ओढताना रूट भरत असेल तर कंटेनर्स.कॉन्फ मधले इमेज_कॉपी_टीएमपी_डीआयआर बदला. /व्हार/टीएमपी अख्खे हलवायचे असेल तर त्याचे वेगळे बाइंड करा, वेगळ्या डिरेक्टरीवर.

---

मुळाक्षर

आता सेवांबद्दल, कारण "सगळे /डेटा वर गेले" असे वाटते पण काही पाहुणे ऐकत नाहीत.

मारियाडीबी: टीएमपीडीआयआर हा पर्याय कॉन्फिगच्या [मारियाडीबीडी] भागात देऊन वेगळी डिरेक्टरी द्या, मालक मायएसक्यूएल, परवानगी ७००. मोठ्या आल्टरसाठी इनोडीबी_टीएमपीडीआयआर वेगळेही देता येते. डिरेक्टरी /होम खाली देऊ नका: सेवेच्या युनिटमध्ये प्रोटेक्टहोम असते, तिला /होम दिसतच नाही. उबंटूवर मायएसक्यूएल असेल तर अ‍ॅपआर्मर आडवे येते, /ईटीसी/अ‍ॅपआर्मर.डी/लोकल/ मधल्या त्याच्या फाइलीत नव्या डिरेक्टरीला दोन ओळी द्याव्या लागतात, एक डिरेक्टरीला वाचायची आणि एक आतल्या सगळ्याला वाचायची-लिहायची. नाहीतर परवानगी बरोबर असूनही एररकोड १३.

अपाची: त्याच्या युनिटमध्ये प्रायव्हेटटीएमपी असते. अपलोड /टीएमपी/सिस्टमडी-प्रायव्हेट… च्या आत पडतात, तीच डिरेक्टरी आता /डेटा/टीएमपीत बसते, त्यामुळे बाइंडने काम झाले. फक्त "पीएचपीने /टीएमपी/क्ष.टीएक्सटी लिहिली आणि मला दिसत नाही" ही शंका आली की आधी तिथे बघा.

पीएचपी: अपलोड_टीएमपी_डीआयआर आणि सिस_टेंप_डीआयआर वेगळे आहेत. ओपन_बेसडीआयआर लावलेला असेल तर नवी जागा त्यातही घाला. आणखी एक: अपलोडची फाइल आता दुसऱ्या फाइलसिस्टमवर आहे. वेबसाइट रूट डिस्कवर असेल तर पूर्वी क्षणात होणारे नामांतर आता १ जीबीची पूर्ण कॉपी होईल. पीएचपीचे मूव्ह_अपलोडेड_फाइल ते निमूट करते, पण थेट रीनेम बोलावणारे प्रोग्रॅम "इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक" म्हणून पडतात. अपलोडचे अंतिम ठिकाणही /डेटा वर असेल, तरी एका माउंटवरून दुसऱ्यावर रीनेम होत नाही, बाइंड असला तरी! हे फार जणांना माहीत नसते: मूळ डिस्क एकच असली तरी कर्नल माउंट वेगळा बघून नकार देतो. अशा सेवेला अपलोड_टीएमपी_डीआयआर म्हणून थेट /डेटा खालची वाट द्या.

जावा: टीएमपीडीआयआर हे पर्यावरण चल लिनक्सवर जावा बघतच नाही. -डीजावा.आयओ.टीएमपीडीआयआर=/डेटा/जावाटेंप असे द्यावे लागते. एचएसपर्फडेटा ही छोटी डिरेक्टरी तरीही /टीएमपीतच बनते, तिला हलवू नका; जेपीएस तिथेच शोधते.

पोस्टग्रेसचा इथे संबंधच नाही. त्याच्या सॉर्टच्या फाइली डेटा डिरेक्टरीतच पडतात. त्या हलवायला टेंप_टेबलस्पेसेस.

---

सांजवारा

अख्खे /टीएमपी न हलवता टीएमपीडीआयआर सगळीकडे लावले तर?

---

मुळाक्षर

एकट्या युजरसाठी किंवा एका सेवेसाठी उत्तम. सेवेसाठी सिस्टमसीटीएल एडिट करून:

[सर्व्हिस]
एन्व्हायरन्मेंट=टीएमपीडीआयआर=/डेटा/टीएमपी

युनिटमध्ये प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट असेल तर रीडराइटपाथ्स=/डेटा/टीएमपी पण जोडा. क्रॉनमध्ये .प्रोफाइल वाचले जात नाही, म्हणून क्रॉनटॅबच्या डोक्यावर टीएमपीडीआयआर=/डेटा/टीएमपी ही ओळ.

सगळीकडे लावायला गेलात की गळती सुरू होते. सेटयूआयडी प्रोग्रॅमच्या पर्यावरणातून जीलिबसी हे चल मुद्दाम काढून टाकते, त्यामुळे सुडोच्या पलीकडे ते पोचत नाही. डिरेक्टरी नसेल तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी: एमकेटेंप आणि सॉर्ट स्पष्ट चूक दाखवतात, पायथन मात्र गुपचूप पुढच्या उमेदवाराकडे, म्हणजे शेवटी /टीएमपीकडे जातो. हलवले असे समजून बसलेला माणूस सहा महिन्यांनी /टीएमपी भरल्यावर जागा होतो. तपासायचे असेल तर:

पायथन३ -सी 'इंपोर्ट टेंपफाइल; प्रिंट(टेंपफाइल.गेटटेंपडीआयआर())'

आणि वाट आखूड ठेवा. युनिक्स सॉकेटच्या पूर्ण वाटेला लिनक्सवर १०८ बाइट्स आणि बीएसडी, मॅकओएसवर १०४ एवढीच जागा असते. /डेटा/प्रकल्प/अमुक/तमुक/तात्पुरते असे लांबलचक दिले की प्रोग्रॅमने पुढे आपले नाव जोडताच "पाथ टू लाँग". डिरेक्टरीचे नाव देवनागरीत असेल तर यूटीएफ-८ मध्ये एकेक अक्षर ३ बाइट्स खाते, वेलांट्या-काने वेगळे मोजून! "तात्पुरते" एवढ्याच नावाला २७ बाइट्स गेले.

---

खडकमासा

मॅकवर टीएमपीडीआयआर आधीच प्रत्येक युजरला वेगळे दिलेले असते, /व्हार/फोल्डर्स खाली, पन्नासेक अक्षरांचे. १०४ तले निम्मे तिथेच संपले. /टीएमपी तिथे /प्रायव्हेट/टीएमपीकडे जाणारी लिंक आहे. ती बदलायच्या भानगडीत पडू नये.

फ्रीबीएसडीवर झेडएफएस असेल तर इन्स्टॉलर /टीएमपीसाठी वेगळा डेटासेट करूनच देतो. दुसऱ्या पूलवर न्यायचे तर तिथे माउंटपॉइंट=/टीएमपी, सेटयूआयडी=ऑफ असा डेटासेट काढा, जुन्याचा माउंटपॉइंट नन करा, मग सीएचमॉड १७७७. कोटा लावला की दुहेरीकोट यांची भीतीही मिटते. बूटला रिकामे करायचे असेल तर आरसी.कॉन्फ मध्ये क्लिअर_टीएमपी_एनेबल="येस".

---

दुहेरीकोट

फेडोरा किंवा आरएचईएलवर एसईलिनक्स (लेबलांवरून परवानगी ठरवणारी व्यवस्था) चालू असेल तर /डेटा/टीएमपीचे लेबल विसरू नका. नव्या डिरेक्टरीला डीफॉल्ट_टी लागते आणि सेवांना लिहायला नकार मिळतो, परवानगी १७७७ असूनही.

सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी टीएमपी_टी '/डेटा/टीएमपी'
रिस्टोरकॉन -व्ही /डेटा/टीएमपी

एलएस -एलडीझेड ने टीएमपी_टी दिसते का बघा. यातला झेड मोठा. रिस्टोरकॉनला -आर देऊ नका. आत सेवांनी आपापल्या लेबलांनी फाइली केलेल्या असतात.

---

सांजवारा

एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायची डिस्क) ठेवले तर चालेल? आमच्याकडे मोकळी जागा तिथेच आहे.

---

शून्यवाट

नको. रूट स्क्वॉशमुळे (एनएफएस सर्व्हर रूटला साधा युजर मानतो) रूटच्या सेवांना स्वतःच्याच फाइली परक्या होतात, उघडून पुसलेल्या फाइली .एनएफएस नावाने मागे उरतात, आणि नेटवर्क अडकले की /टीएमपीला हात लावणारी प्रत्येक प्रक्रिया डी अवस्थेत (मारताही येत नाही अशी) गोठते. लॉगिनसुद्धा.

---

पोतडी

सगळे लागले. सॉर्ट, आल्टर, अपलोड तिन्ही चालतात. एकच शंका उरली: आल्टर चालू असताना डीएफ /डेटा वर ९ जीबी जास्त दाखवतो, पण डीयू -एसएच /डेटा/टीएमपी म्हणतो १२ एमबी. बाकीचे कुठे आहेत?

---

चिकटबिट

मारियाडीबी तात्पुरती फाइल उघडते आणि लगेच पुसते, पण हाताशी धरून ठेवते. नाव गेले म्हणून डीयूला दिसत नाही, जागा मात्र प्रक्रिया फाइल बंद करेपर्यंत गुंतलेली. रूट म्हणून:

एलएसओएफ +एल१ /डेटा

यातला एल मोठा. समोर (डिलीटेड) असे लिहिलेल्या ओळी दिसतील, आकारासकट. आल्टर संपले की ९ जीबी परत येतील. मध्येच डिस्क भरत आली तर /टीएमपीत पुसायला काही शोधू नका, सापडणार नाही. शो प्रोसेसलिस्ट मध्ये ती क्वेरी बघून किल करा.